प्रकरण 7 : हे बाळ परत कधी द्यायचं?

“आमची मुलगी अडीच वर्षांची. छान बोलायची, हाताने जेवायची, शू आली की सांगायची. घरात बाळ आलं आणि पंधरा दिवसांत सगळं फिरलं. आता म्हणते, मलापण लंगोट बांधा, मलापण दुपट्यात गुंडाळा. परवा पाहुण्यांसमोर विचारलं, हे बाळ परत कधी द्यायचं? हसावं की रडावं कळत नाही. भावावर जळते का ही? की आमचे लाडच नडले?”

दुसऱ्या बाळंतपणानंतर हा प्रश्न घरोघरी पडतो. कुठे मोठं मूल पाळण्यात चढून बसतं, कुठे बाळाच्या पावडरचा अख्खा डबा स्वतःच्या डोक्यावर रिकामा करतं. या उद्योगांमागे काय चाललेलं असतं, ते या प्रकरणात पाहू.

त्यासाठी भिलाईच्या टाउनशिपमधलं एक मराठी घर डोळ्यांसमोर ठेवू. मुलीचं नाव सांगत नाही. घरात सगळे तिला आता ‘ताई’ म्हणतात, तेच आपणही म्हणू. भिलाई निवडायला कारण आहे. 1955 मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरातून माणसं या गावात कामाला आली. नागपूर-भंडारा-गोंदियाकडची मराठी घरंही आली. केरळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी शेजार मिळाला, क्वार्टर मिळालं, पुढे पेरूचं झाड लावायला जागा मिळाली. पण आजी-आजोबा, काका-आत्या मागे गावी राहिले. जुन्या वाड्यात मुलाला कडेवर घ्यायला पाच-सहा माणसं असत, आई बाळंतीण झाली तरी चार कडा शिल्लक राहत. क्वार्टरमधल्या मुलीला अडीच वर्षं मुख्यतः एकच कड माहीत असते. ती गेली की तिचा आवाज मोठा होणारच. आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही तेच आहे. भिलाईच्या घरांनी ते साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच अनुभवलं, एवढंच.

1. तिला सांगितलं होतं काय?

आई सहा महिन्यांची गरोदर असताना ताईला सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली : “तुझ्याशी खेळायला बाळ येणार!”

अडीच वर्षांच्या मुलाला ‘तीन महिन्यांनी’ म्हणजे काय ते कळत नाही. ‘उद्या’ही नीट कळत नाही. ‘झोपून उठल्यावर’ कळतं, ‘जेवण झाल्यावर’ कळतं. म्हणून ताई दुपारी झोपून उठली की दारात जाऊन बघायची, बाळ आलं का. काही आठवड्यांनी तिने तो नाद सोडला. मग एका रात्री तिला शेजारच्या मल्याळी मावशींकडे झोपवलं, सकाळी उठली तर आई घरात नाही. सेक्टर 9 च्या हॉस्पिटलमधून आई तिसऱ्या दिवशी परतली, तेव्हा तिच्या हातात एक गाठोडं होतं.

आता त्या गाठोड्यातला खेळगडी पाहा. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं. त्याला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढं. त्याला चेंडू पकडता येत नाही, हाक मारली तर ओ देता येत नाही. ताईने पहिल्याच दिवशी आपला लाल ट्रक आणून त्याच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, “चालव.” बाळाने चालवला नाही. तिने आपल्या भेळेतला शेंगदाणा त्याच्या ओठांवर टेकवला. बाळंतपणासाठी गावाहून आलेली आजी किंचाळली, “काय करून राहिली गं!”

आजीचं ओरडणं बरोबरच होतं. शेंगदाणा बाळाच्या घशात अडकला तर जिवावर बेतेल. पण ताई आपल्याकडचं सगळ्यात चांगलं देत होती. खेळायला बाळ येणार, असं सांगितलेल्या मुलीने खेळणं आणि खाऊ पुढे केला, याहून सरळ वागणं कोणतं? “बाळ सुरुवातीला नुसतं झोपेल, रडेल, दूध पिईल. खेळायला त्याला खूप वेळ लागेल,” असं आधीच सांगितलेलं बरं. आणि त्याहून बरं म्हणजे शेजारपाजारचं एखादं तान्हं बाळ तिला आधी दाखवून आणणं.

2. डोळ्यात बोट

आया सर्वात घाबरतात ते हे पाहून. मोठं मूल बाळापाशी जातं, वाकतं आणि सरळ त्याच्या डोळ्याकडे बोट नेतं. “बघा, डोळा फोडायला निघाली!”

जरा थांबून आठवा. वर्षभर आपण तिला काय शिकवलं? नाक कुठंय, कान कुठंय, डोळा दाखव. बाबांच्या नाकाला हात लावला की टाळ्या. तोच खेळ ती नव्या चेहऱ्यावर खेळते आहे. ताईचं बोट बाळाच्या पापणीपाशी गेलं तेव्हा ती म्हणत होती, “डोआ. हा डोआ.” नंतर तिने स्वतःचा डोळा दाबून पाहिला आणि तेच पुन्हा म्हटलं. आपल्यासारखंच यालाही सगळं आहे का, याची ती तपासणी करत होती. नाळेचा सुकलेला तुकडा पाहून तर तिने अर्धा तास फ्रॉक वर करून आपली बेंबी पाहिली.

या वयातल्या मुलाला जोर आवरता येत नाही. थोपटायला गेलं की चापट बसते, मिठी मारली की मान आवळली जाते. प्रेमात आणि रागात हाताची ताकद जवळपास सारखीच लागते. म्हणून हेतूबद्दल शंका न घेताही दोघांना एकटं सोडायचं नाही, हा नियम पक्का ठेवायचा. बाळाची टाळू मऊ असते आणि ती भरायला साधारण दीड वर्ष लागतं, एवढं एक कारण त्यासाठी पुरेसं आहे. “हात लावू नको” म्हणण्याऐवजी हात लावायला जागा द्यावी : पाय. पायाला हळूच हात लावता येतो, बोटं मोजता येतात, मोजे घालता येतात. ताईला ‘पायाची जबाबदारी’ मिळाल्यावर डोळ्याची तपासणी आपोआप थांबली.

3. पुन्हा लंगोट

आता मूळ प्रश्न. शिकलेलं मूल मागे का जातं?

केंब्रिजमध्ये जुडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोघींनी चाळीस कुटुंबांचा अभ्यास केला. दुसरं बाळ व्हायच्या आधीपासून त्या घरोघर जाऊन बसत, आई आणि मोठं मूल यांच्यात काय चालतं ते टिपत, आणि बाळ चौदा महिन्यांचं होईपर्यंत जात राहिल्या. 1982 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मोठी मुलं चिकट झाली, रडकी झाली, चड्डीत शू करू लागली, हे त्यांना दिसलंच. पण त्याच मुलांपैकी कित्येक त्याच आठवड्यांत एकदम मोठीही झाली होती : हट्टाने स्वतः जेवू लागली, एकटी संडासला जाऊ लागली.

घरच्यांच्या नजरेतून हेच निसटतं. ओली चड्डी दिसते, कारण ती धुवावी लागते. त्याच दिवशी ताईने स्वतःची चप्पल स्वतः, उलटी का होईना, घातली, हे कुणी मोजत नाही.

मागे जाण्याचं एक कारण सरळ आहे. ताई पाहते की लंगोट असलेल्याला सगळे उचलतात, आणि शू सांगणाऱ्याला “तू मोठी ना, जा” म्हणतात. यातून तिने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच आहे.

दुसरं कारण शरीराचं आहे. भिलाईत हे समजवायला सोपं जातं. प्लांटमध्ये नाइट शिफ्ट लागली की पहिले दोन-तीन दिवस माणसाची भूक अवेळी येते, झोप लागत नाही, घरी येऊन तो पोरांवर खेकसतो. त्याला निदान शिफ्टचा तक्ता आधी मिळालेला असतो. ताईची शिफ्ट एका रात्रीत बदलली आणि तक्ता कुणी दाखवला नाही. आंघोळ आईऐवजी आजी घालते, दुपारची झोप बाळाच्या रडण्याने मोडते, घर शेगडी, ओवा आणि वेखंडाच्या वासाने भरलेलं. तीस महिन्यांच्या शरीराने नुकतीच कमावलेली कला म्हणजे शू धरणं. झोप आणि जेवण विस्कटलं की आधी तीच जाते.

मग करायचं काय? दुपट्यात गुंडाळ म्हणाली तर गुंडाळावं. हे ऐकून आज्या नाराज होतात, “सवय लागेल” म्हणतात. पण लंगोटात राहणं कंटाळवाणं असतं, हे मुलाला आपण सांगावं लागत नाही. ताईच्या आईने तिला चादरीत घट्ट गुंडाळलं, मांडीवर आडवं घेतलं आणि म्हणाली, “माझं मोठं बाळ ते.” ताई दोन मिनिटं डोळे मिटून पडली. स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास आला. आई म्हणाली, “बाळं शिरा खात नाहीत.” चादर सुटायला फार वेळ लागला नाही.

4. आईचे दोन्ही हात अडकले की

आता एक छोटा प्रयोग घरी करा. दोन दिवस फ्रिजवर एक कागद चिकटवा. मोठ्या मुलाने उद्योग केला की वेळ लिहा आणि त्याच्या पुढे ‘आई काय करत होती’ तेही लिहा. समजा असा कागद तयार झाला : सकाळी नऊ, पाण्याचा तांब्या ओतला, आई बाळाला पाजत होती. साडेदहा, तेलाची वाटी पालथी, मालिश चालली होती. दुपारी एक, भिंतीवर काजळ, आई पाजत होती. पाच, फ्रॉक काढून व्हरांड्यात पळाली, आई बाळाला झोपवत होती. मग उजवीकडचा रकाना वरून खाली वाचा. सगळीकडे आईचे दोन्ही हात बाळाला लागलेले.

डन आणि केंड्रिक यांनाही हेच दिसलं : आई बाळाकडे गुंतलेली असताना खटके वाढत. मुलाला आईचा दिवसभराचा थकवा कळत नाही, पण ती आत्ता उठू शकत नाही एवढं बरोबर कळतं.

ही ओढ शिकवावी लागत नाही. अमेरिकेत सिबिल हार्ट यांनी सहा महिन्यांच्या बाळांसमोर आयांना दोन गोष्टी करायला लावल्या. एकदा बाळाकडे दुर्लक्ष करून पुस्तक वाचायचं, एकदा बाळाकडे दुर्लक्ष करून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बाहुलीचे लाड करायचे. पुस्तकापेक्षा बाहुलीच्या वेळी बाळं जास्त अस्वस्थ झाली. सहा महिन्यांचं बाळ, स्वतःचं नावही न सांगणारं, ‘आई कामात आहे’ आणि ‘आई दुसऱ्या कुणाची झाली’ यात फरक करतं.

आणि हे माणसापुरतंही नाही. काँगोच्या जंगलातल्या बोनोबो या वानरांवरचा एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य वाढतं. ते लघवीतून मोजता येतं. धाकटं भावंड जन्मल्यावर मोठ्या बोनोबो पिल्लांमध्ये ते पाचपट झालं आणि सुमारे सात महिने चढंच राहिलं. पिल्लू दोन वर्षांचं असो की आठ, दूध सुटलेलं असो वा नसो. म्हणजे दूध तुटल्याचा हा ताण नव्हता. भावंड येणं हीच शरीराला जाणवणारी घटना आहे. एवढं कळल्यावर काजळाने रंगवलेल्या भिंतीवरून मुलीला बदडून काढायचा हात तरी खाली यावा.

कागदावरून उपायही निघतो. पाजायच्या वेळेसाठीच राखलेला एक डबा करा : जुन्या बांगड्या, झाकणं, चित्रांचं पुस्तक. तो एरवी उघडायचा नाही. आई बसली की ताईने तो आणायचा आणि शेजारी बसायचं. आईचे हात अडकलेले असतात, तोंड मोकळं असतं; गोष्ट सांगता येते.

इथे बाबांचा वाटाही मोठा आहे. साप्ताहिक सुट्टीला ताईला एकटीला भिलाईच्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयात न्यावं, पांढरा वाघ दाखवावा. 1972 पासून भिलाईची किती मुलं त्या बागेत बापाच्या खांद्यावर बसली असतील! फक्त एक सांभाळावं : ‘बाळाला त्रास नको म्हणून हिला बाहेर काढलं’ असं ते वाटता कामा नये. दिवसातली निदान दहा मिनिटं आईचीही हवीत, ठरलेल्या वेळी, बाळ दुसऱ्याच्या हातात देऊन.

5. सिंहासन गेलं का?

व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड आडलर म्हणत की पहिलं मूल घरचा राजा असतं आणि दुसरं आलं की ते पदच्युत होतं. कल्पना फार लोकप्रिय झाली. तिचा तोटा असा की आईबाप आधीच अपराधी चेहरा करून बसतात, जणू मुलावर संकट कोसळलं आहे.

मिशिगन विद्यापीठात ब्रेंडा व्हॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 241 कुटुंबं बाळाच्या जन्माआधीपासून वर्षभर पाहिली. बहुतेक मोठ्या मुलांना मोठा, टिकणारा धक्का बसलेला दिसला नाही. काहींना आधीपासूनच अडचणी होत्या, त्या तशा चालू राहिल्या. काही थोडे दिवस बिथरली आणि सावरली. कित्येकांचं काहीच बिघडलं नाही. बोनोबोंचा ताण खरा आणि हेही खरं; ताण येणं म्हणजे नुकसान होणं नव्हे.

6. बाळाविषयी बोलायचं कसं?

मला या सगळ्या संशोधनात सर्वात मोलाची वाटते ती केंब्रिजच्या अभ्यासातली एक साधी नोंद. ज्या आया पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या मुलाशी बाळाविषयी ‘माणूस’ म्हणून बोलत, त्याला काय हवं असेल, काय वाटत असेल, असं मोठ्यालाच विचारत, त्या घरांत पुढे वर्षभराने भावंडांचं एकमेकांशी अधिक गोडीचं होतं. त्यासाठी पैसा लागत नाही की बालमानसाची पुस्तकं लागत नाहीत.

ताई विचारते, “बाळ का ओरडतं?”

एक उत्तर असतं, “गप, तू आवाज करू नको, ते उठेल.” यात बाळ म्हणजे ताईवरचं बंधन.

दुसरं उत्तर : “काय झालं असेल गं त्याला? भूक लागली असेल की ओलं झालं असेल? बघतेस?” ताई वाकून वास घेते आणि मोठ्या गांभीर्याने जाहीर करते, “शी.” निदान बरोबर निघतं. तिला घरात एक काम मिळालेलं असतं आणि बाळाच्या आत काहीतरी चाललेलं असतं, हे तिला पहिल्यांदा कळलेलं असतं.

दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं, हे मुलांना पूर्णपणे उमगायला साधारण चार वर्षं लागतात. 1994 मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात भावंडं असलेल्या मुलांना ते लवकर जमत असल्याचं दिसलं. घरात रोज दुसऱ्याचं मन ओळखायचा सराव असल्यावर नवल नाही.

आणि एक मजा तुम्हीच ऐकाल. मोठ्यांशी फडाफडा बोलणारी ताई बाळाशी बोलताना आवाज बारीक करते, शब्द लांबवते, तेच तेच पुन्हा म्हणते : “काय झायं? काय झायं माज्या शोन्याला?” आजीची हुबेहूब नक्कल. शेजारच्या काकूंशी ती हिंदीत बोलते, मालिशवाल्या दाईच्या “नोनी” या हाकेला छत्तीसगढीत “हव” म्हणते, आणि बाळासाठी तिने ही चौथी बोली काढली आहे. अडीच वर्षांच्या मुलीने ऐकणारा कोण आहे हे पाहून बोलणं बदललं! चड्डी ओली झाली त्या दिवशी हे आठवावं.

7. पाहुण्यांची थट्टा

छट्ठीला शेजार येतो, बाराव्या दिवशी बारशाला नागपूरची मंडळी येतात. झबली, दुपटी, चांदीचे वाळे. आणि प्रत्येक जण मोठ्या मुलीला चिडवतो : “आता तुझा भाव उतरला गं!” “आई आता बाळाची. तू चल आमच्याबरोबर.” “नेऊ का बाळाला पिशवीत घालून?”

हे बंद केलं पाहिजे, असं मला अगदी कळकळीने वाटतं. मोठ्या माणसाला ही थट्टा कळते. अडीच वर्षांच्या मुलीला ती बातमी वाटते. आई तीन दिवस गायब झाली होती हे तिने पाहिलेलं असतं. माणसं नेता येतात, हा तिचा अनुभव आहे. त्याच बारशात ताईने एका आत्याची पिशवी खरंच आणून पाळण्याखाली ठेवली, तेव्हा सगळे पोट धरून हसले. ती हसत नव्हती. “हे बाळ परत कधी द्यायचं?” हा प्रश्न कुठून आला, याचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

उत्तर मात्र द्यावं, आणि ते सरळ द्यावं : “बाळ परत द्यायचं नसतं. ते इथेच राहणार. तूही इथेच राहणार. आईपण.” ती दहादा विचारेल. दहादा तेच सांगावं. आणि पाहुण्यांना दारातच सांगून ठेवावं, आधी ताईशी बोला. बाळ कुणाचं ते तीच तुम्हाला दाखवेल.

8. काळजी कधी?

मूल कित्येक आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, खेळायचं सोडून गप्प बसत असेल, किंवा पुन्हा पुन्हा बाळाला इजा होईल असं काही करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. आईकडेही लक्ष असू द्या. बाळंतिणीचं उगाच भरून येणं साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही ती उदास, रडवेली, कशातच मन नसलेली राहिली, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. अशा घरात मोठ्या मुलाचे उद्योग वाढतात, तेव्हा आधी आईला डॉक्टरांकडे न्यायचं असतं.

9. दुसरी फेरी

सात-आठ महिन्यांनी घरात सामसूम झाली असं वाटत असतानाच बाळ रांगू लागतं. आजवर ते फक्त आई पळवत होतं. आता लाल ट्रक पळवतं, रचलेले ठोकळे पाडतं, चित्रांचं पुस्तक चघळतं. ठोकळे मांडणाऱ्या ताईला इतके महिने धीराने वागल्याचं बक्षीस काय, तर “दे गं, लहान आहे तो.” खरे भावंडांचे तंटे इथून सुरू होतात आणि पुढच्या प्रकरणाचा विषय तोच आहे. तोवर एवढं करा : कपाटाचा एक कप्पा, बाळाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, फक्त मोठीचा ठेवा. त्यातलं काही बाळाला द्यायचं की नाही, ते तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते नाही मानून घ्या.